कोऱ्या सोंगटीची किंमत

नुर्किस आल्मोन्ते बाई लोमा क्लारा गावच्या शाळेत आल्या, त्याच दिवशी त्यांच्या पदरात काय पडणार याचा हिशोब मी मांडून ठेवला. एक वर्ष काढायचं. मे महिन्यात जिल्ह्याचे साहेब येणार, एक तास वर्गात बसणार, आणि तास पसंत पडला तर कायम नोकरीच्या कागदावर सही करणार. कायम झालेल्या शिक्षकाला बदली मागता येते. बाईंची आई सान्तियागो शहरात एकटी राहायची, आणि तिच्या गल्लीतल्या शाळेत चौथीची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. म्हणजे मिळकत अशी: एक सही, एक बदली, आणि आईच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत पायी दहा मिनिटं. त्याच्या बदल्यात वर्षभर सोसायचं काय, तर चौथीची एकोणीस मुलं, अर्धा फुटका फळा, आणि मी.

मी फेफा. आमच्याकडे मानाने बाईला डोन्या आणि पुरुषाला डॉन म्हणतात, म्हणून डोन्या फेफा. शाळेच्या किल्ल्या, झाडू, खडू आणि खुर्च्या बावीस वर्षं माझ्या ताब्यात आहेत. शिक्षक येतात नि जातात, खुर्च्या राहतात. त्यातल्याही किती राहिल्या ते माझ्या वहीत आहे.

"डोन्या फेफा, खडू किती मिळतील?" बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

"महिन्याला एक पेटी. मागच्या बाईंना दोन लागायच्या. रडायच्या माझ्यापुढे."

"मला अर्धी पुरेल."

मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंचविशी उलटलेली, चपला साध्या, पिशवी मोठी. अर्धी पेटी म्हणणारे शिक्षक दोन प्रकारचे असतात. एक न शिकवणारे, आणि दुसरे मी अजून पाहिले नव्हते.

महिनाभरात माझ्या लक्षात आलं की या बाई फळ्यावर लिहीतच नाहीत. मागच्या बाई फळा भरायच्या, मुलं उतरवायची, बाई पुसायच्या, पुन्हा भरायच्या. खडूच्या धुळीने मी खोकायची आणि मुलं झोपायची. या बाई प्रश्न विचारायच्या आणि म्हणायच्या, "मला नको सांगू. आधी शेजारच्याला सांग." एका क्षणात वर्गभर कुजबुज. मग दुधाच्या रिकाम्या डब्यातून एक चिठ्ठी काढायच्या, तिच्यावर ज्याचं नाव तो बोलणार. कुणाचं नाव निघेल सांगता येत नाही, म्हणून सगळेच जागे. खर्च? एक डबा. तोही माझ्या स्वयंपाकघरातला.

चुचोच्या दुकानातून बाटल्यांची झाकणं आणली, पोतंभर. त्यांवर मुलं गुणाकार करायची. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला एक, आणि मधे मुलांनी आपापल्या संख्या चिमट्याने टांगायच्या. दोरी माझीच. चिमटे मुलांच्या आयांचे. आठवडाभर गावातले कपडे कुंपणावर वाळत होते.

पण सगळ्यांत विचित्र प्रकार शुक्रवारी. आठवड्यातली सगळ्यात सुंदर चूक निवडायच्या, फळ्यावर लिहायच्या, आणि ज्याची चूक त्याला टाळ्या. मग वर्गाने शोधायचं, की शहाण्या माणसाची अशी चूक का झाली असेल.

"बाई," मी एकदा न राहवून म्हटलं, "हा वर्ग आहे की कोंबड्यांचं खुराडं? केवढा कलकलाट!"

"खुराड्यातच अंडी मिळतात, डोन्या फेफा."

उत्तर मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. वहीत मात्र लिहिलं: नोव्हेंबर, कॉफी तोडायचे दिवस. दरवर्षी या महिन्यात चौथीत आठ मुलं उरतात. यंदा सतरा. डिसेंबरात बावीस, कारण शाळा सोडलेली तीन परत आली. खडू, अर्धी पेटी.

आता म्हाताऱ्यांबद्दल. शाळेच्या भिंतीला लागून बदामाचं झाड, झाडाखाली टेबल, टेबलाभोवती सकाळी आठापासून चार म्हातारे आणि डॉमिनोच्या अठ्ठावीस सोंगट्या. आमच्याकडे सोंगटी टेबलावर ठेवत नाहीत, आपटतात. फाट्! इतक्या जोराने, की वर्गातली मुलं दचकतात. मागच्या तीन शिक्षकांनी या फाट्‌फाट्‌पुढे हात टेकले होते. एकाने खिडक्या बंद केल्या, वर्गाची भट्टी झाली. एकीने नगराध्यक्षांना पत्र लिहिलं. नगराध्यक्ष स्वतःच रविवारी त्या टेबलावर बसतात.

नुर्किस बाईंनी काहीच केलं नाही, फक्त कान दिला. फाट् झालं की मागच्या बाकावरची युदेल्का ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. एक दिवस बाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणालीस आत्ता?"

"काही नाही, बाई."

"सांग की. मी पण चोरून ऐकतेय खेळ."

"आजोबांकडे सहा उरला नाही. आणि पाचची जोडी समोरच्याकडे आहे."

"तुला कसं कळलं? इथून तर दिसतही नाही."

"आजोबा सहावर पास म्हणाले. आणि पाच सगळे ओरडून ओरडून लावतायत, तो एकटाच गप्प आहे. मोजायचं फक्त, बाई."

याच युदेल्काला वजाबाकीच्या परीक्षेत दहापैकी दोन मिळाले होते. बाईंनी तिची वही उघडून पाहिली. मग खिडकीबाहेर.

त्याच दुपारी, शाळा सुटल्यावर, बाई माझ्याकडे आल्या. "डोन्या फेफा, डॉमिनो येतो?"

"बाई, माझा नवरा वारला तेव्हा त्याच्यावर माझे चारशे गुण बाकी होते."

"मग चला. मला जोडीदार हवाय."

युदेल्काचे आजोबा डॉन एलिहिओ म्हणजे त्या टेबलाचे पोप. बाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. "डॉन एलिहिओ, एक डाव. दोनशे गुण. मी जिंकले तर रोज सकाळी आठ ते दहा तुमच्या सोंगट्या माझ्या वर्गात."

"आणि हरलात तर?"

"महिनाभर तुम्हा चौघांना कॉफी. आणि आवाजाबद्दल शाळेतून एक शब्द निघणार नाही."

"आवाजाबद्दल शब्द काढायची सवय शाळेलाच आहे," म्हातारा म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा. फेफा, तू पण? अगं, झाडू ठेव आधी, त्याला सोंगट्या दिसतील."

"तुमच्या सोंगट्या झाडूलाही कळतात, डॉन एलिहिओ. चाल तुमची."

डाव चांगला झाला. आम्ही दीडशेच्या पुढे होतो, म्हातारेही तिथेच. शेवटच्या फेरीत टेबलावर एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला दोन. बाईंच्या हातात दोन सोंगट्या उरल्या होत्या, डॉन एलिहिओंच्या हातात एक. बाईंनी जरा सात-पाच केलं आणि चाराला पाच-चार लावली. म्हणजे टोकाला पाच उघडा पडला. फाट्! म्हाताऱ्याने पाच-तीन अशी आपटली की कॉफी सांडली. डाव संपला. आम्ही हरलो.

गुण मोजायला सोंगट्या उलथ्या केल्या, तेव्हा बाईंच्या हातातली उरलेली सोंगटी मी पाहिली. सहा-चार. तीच लावली असती तर म्हातारा पास म्हणाला असता. बाईंना हे कळलं नसेल? ज्या बाईला वर्गात कोण जांभई देतो हे पाठमोरं कळतं, तिला?

बाईंनी हात जोडले. "हरले. पण एक सांगा डॉन एलिहिओ, माझ्या हातात काय आहे हे तुम्हाला आधीच कळलं होतं. कसं?"

झालं. म्हातारा तासभर बोलला. कोण कुठे पास झाला, कुठला आकडा किती वेळा पडला, प्रत्येक आकड्याच्या सात सोंगट्या, सातांतून पाच गेले तर उरले किती, ते कुणाच्या हातात असणार. बाई मधे मधे म्हणायच्या, "थांबा, हे पुन्हा सांगा, मी चौथीला इतकं नीट समजावू शकत नाही." शेवटी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "कॉफी उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता डॉन एलिहिओ इस्त्रीचा सदरा घालून वर्गाच्या दारात उभे, हातात सोंगट्यांची पेटी. "तुम्हाला जमणार नाही म्हणालात ना, म्हणून आलो. दहापर्यंतच हं. अठ्ठावीस देतोय, अठ्ठावीस घेणार."

तीस-चाळीस गुण हरून बाईंनी एक म्हातारा विकत घेतला होता. एवढा स्वस्त सौदा माझ्या वहीत दुसरा नाही.

सोंगटी म्हणजे काय? मधे रेघ, रेघेच्या एका अंगाला ठिपके, दुसऱ्या अंगाला ठिपके. बाईंनी ती उभी धरली. "वर एक, खाली दोन. हे काय?" बावीस तोंडं उघडी. "एक छेद दोन!" जन्मभर ज्या सोंगट्या ऐकल्या, त्या अपूर्णांक निघाल्या. प्रत्येकाला एक सोंगटी, लहान आकडा वर, आणि दोरीवर आपापली जागा शोधायची. सगळ्या जोड्या, म्हणजे दोन्हीकडे सारखे ठिपके असलेल्या, एका टोकाला एकापाशी. एका अंगाला कोऱ्या असलेल्या दुसऱ्या टोकाला शून्यापाशी. उरली फक्त कोरी जोडी, दोन्हीकडे एकही ठिपका नसलेली.

"ही कुठे टांगायची, बाई?"

"ही कुठेच बसत नाही. शून्य छेद शून्य. हिचं भांडण आपण मोठ्या वर्गात सोडवू." असं म्हणून बाईंनी ती फळ्याखालच्या कडेवर ठेवली, खडूंच्या शेजारी. दहा वाजता पेटीत परत. रोज असंच.

मे महिन्यात, साहेब यायच्या आदल्या दिवशी, डॉन एलिहिओंनी पेटी उघडून मोजलं. सत्तावीस.

"कोरी जोडी कुठाय?"

बाकांखाली पाहिलं, दप्तरं झटकली, मुलांनी खिसे उलटे केले. नाही. म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. "सत्तावीस सोंगट्यांचा डॉमिनो म्हणजे तीन पायांचं टेबल. बाई, ती सापडेपर्यंत पेटी माझ्या घरात. आणि उद्या साहेब येणार आहेत ना? त्यांना विचारतो, शाळा माणसाची वस्तू घेऊन हरवते, याचा कायदा काय आहे."

मी झाडूला धरून उभी होते, आणि माझी पाचावर धारण बसली होती. कारण कोरी जोडी कुठे गेली हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सकाळी मधल्या सुट्टीत मी फळ्याची कडा पुसली, खडूचे तुकडे सुपात ओढले, सूप पानांच्या ढिगात रिकामं केलं आणि ढीग पेटवला. पांढरा, चौकोनी, काही न लिहिलेला तुकडा. या शाळेतली प्रत्येक खुर्ची मोजणारी मी. पण ज्यावर ठिपका नाही ते मी मोजलंच नाही. पण सांगायला तोंड उघडेना. बावीस वर्षांत माझ्या हातून शाळेची टाचणी हरवली नव्हती.

बाई मात्र डगमगल्या नाहीत. "ठीक आहे," म्हणाल्या. "युदेल्का, चुचोच्या दुकानात साबणाची खोकी किती पडलीत बघ. आपण आपल्या सोंगट्या करू." तासाभरात मुलांनी पुठ्ठ्याच्या अठ्ठावीस सोंगट्या कापून ठिपके काढले. पुठ्ठ्याची एकच खोड, आपटली तर आवाज येत नाही. मुलांनी तोंडाने फाट् म्हणायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तावारेस साहेब आले. मोटारसायकलच्या मागे बसून, विजारीला चिखल, काखेत फाईल. माणूस वाईट नव्हता. चाळीस शाळा, एक फाईल, आणि प्रत्येक शाळेत त्याला कॉफी पाजून लवकर वाटेला लावायची घाई. ते मागच्या बाकावर बसले. खिडकीबाहेर डॉन एलिहिओ, दोन्ही कोपर चौकटीवर, बघत. दारात मी.

तास छान चालला. शेजाऱ्याला सांग, डब्यातून चिठ्ठी, दोरीवर सोंगट्या. साहेबांची पेन्सिल खुणा करत होती. मग साहेब उठून म्हणाले, "मी एक विचारू? एक छेद दोन मोठा, की एक छेद सहा?"

चिठ्ठी निघाली युदेल्काची. ती उभी राहिली, आजोबांकडे एक नजर टाकली, आणि ठणकावून म्हणाली, "एक छेद सहा, साहेब."

"का?"

"जड आहे. सात ठिपके. एक-दोनचे तीनच."

आणि अख्ख्या वर्गाने माना हलवल्या. खिडकीतून म्हाताराही पुटपुटला, "बरोबर बोलली." आमच्या टेबलावर हरणाऱ्याच्या हातात उरलेले ठिपके मोजतात. जड सोंगटी आधी टाकावी, हे इथे मूल चालायच्या आधी शिकतं. असा गोंधळ दुसऱ्या कुठल्या गावात झालाच नसता.

साहेबांची पेन्सिल थांबली. त्यांनी फाईलकडे पाहिलं, मग बाईंकडे, मऊ नजरेने. मला वाटलं, गेली सही. सान्तियागो गेलं.

बाईंनी टाळी वाजवली. "आज गुरुवार आहे, पण आठवड्यातली सुंदर चूक मिळाली!" बावीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. युदेल्काने मान वाकवून त्या घेतल्या, नटीसारख्या. "आता शोधा. शहाण्या माणसाची ही चूक का झाली? डॉन एलिहिओ, तुम्हीही. तुमचंही मत तिच्याच बाजूने पडलंय."

"चूक कसली?" म्हातारा भडकला. "सात तीनापेक्षा जड नाही?"

बाईंनी पिशवीतून कासाबेची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची, गोल भाकरी काढली. साहेब आहेत म्हणून नव्हे, गुरुवारी मुलांना त्या काहीतरी खायला आणायच्याच. "डॉन एलिहिओ, ही भाकरी. टेबलावर दोघं बसले, तर तुम्हाला किती?"

"अर्धी."

"सहा बसले तर?"

"सहा? त्यात चुचो असेल तर काहीच नाही." मुलं हसली. म्हाताऱ्याने बाईंच्या हातातल्या भाकरीकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू ओठातच राहिलं. "सहावा तुकडा. म्हणजे..."

"म्हणजे आजोबा, खाली जितके जास्त बसतील तितका माझा तुकडा लहान!" युदेल्का ओरडली. "खेळात सहा जड, पोटात सहा हलका!"

"फाट्!" मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं, आणि मग अख्खा वर्ग म्हणाला. साहेबांनीही पेन्सिल बाकावर आपटली. एवढ्या आवाजात मला माझी चोरी क्षणभर विसरायला झालं.

तास संपला. मुलं भाकरीवर तुटून पडली, बावीस तुकडे, प्रत्येकाचा एक छेद बावीस. साहेबांनी टेबलावर फाईल पसरली. खूश होते. "आल्मोन्ते बाई, असा तास मी या वर्षात पाहिला नाही. फक्त शेवटचा रकाना भरा. साहित्याचा खर्च."

बाईंनी पेन घेतलं आणि सहज लिहिलं: शून्य.

साहेबांचे डोळे चमकले. "शून्य! याला म्हणतात शिक्षक. मी हे वर पाठवतो. चाळीस शाळांना दाखवतो, की बघा, काही लागत नाही. पुढच्या वर्षी साहित्याची मागणीच कुणी करायला नको. सही आत्ता करतो, जूनमध्ये पत्र तुमच्या हातात."

बावीस वर्षं मी रकाने बघत आलेय. यंदा शून्य लिहिलं की पुढच्या वर्षी शून्य येतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी विचारणारंही कुणी येत नाही. मी तोंड उघडणार, तोच खिडकीतून म्हातारा गरजला.

"शून्य? आणि माझी कोरी जोडी कुठाय मग?"

"कसली जोडी?" साहेब.

"माझ्या डॉमिनोची सोंगटी, साहेब. शाळेने नेली आणि हरवली."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मुलांकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मान देईन. त्या म्हणणार होत्या, 'माझी चूक'. मला ते ओठांवर दिसलं.

"मी जाळली," मी म्हटलं.

"फेफा?" म्हातारा.

"खडू समजून. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून बघितलं नाही. पण तुम्हीच काल म्हणालात ना, डॉन एलिहिओ, सत्तावीस सोंगट्यांचा डॉमिनो म्हणजे तीन पायांचं टेबल. तसंच आहे हे, साहेब. या बाईंच्या रकान्यात शून्य दिसतंय, पण कोरं म्हणजे फुकट नाही. दोरी माझी. चिमटे गावच्या बायकांचे. भाकरी बाईंच्या खिशातली. सोंगटी सुटी मिळत नाही, पूर्ण पेटी घ्यावी लागते. कुणी तरी दिलंय म्हणून शून्य झालंय. पुढच्या चाळीस शाळांना कोण देणार?"

"डोन्या," साहेब सौम्यपणे म्हणाले, "मला कळतंय. पण रकान्यात रक्कम आली की सही माझ्या हातात राहत नाही. कागद वरच्या कार्यालयात मंजुरीला जातो. पत्र जूनमध्ये येणार नाही, जानेवारी उजाडेल. बाई, तुम्ही ठरवा. जून, की जानेवारी?"

सान्तियागोची जागा जानेवारीपर्यंत थांबणार नव्हती, हे वर्गातल्या सगळ्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं.

बाईंनी मला विचारलं, "दोरी कितीची, डोन्या फेफा?"

"शंभर पेसो."

"चिमटे?"

"एकशे वीस. भाकऱ्यांचे सत्तर धरा, कमीच धरलेत."

"सोंगट्यांची पेटी?"

"साडेतीनशे," खिडकीतून म्हातारा म्हणाला. आवाज जरा खाली आला होता.

बाईंनी बोटांवर बेरीज केली नाही, मनात केली. पेन उचललं. "साहेब, माझ्या वर्गात चूक खोडत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि लिहिलेलं शून्य तसंच ठेवून त्याच्या आधी दोन आकडे घातले. सहा आणि चार. सहाशे चाळीस.

नेमके सहा-चार. डावात हातात दाबून ठेवलेली सोंगटी या वेळी बाईंनी टेबलावर लावली. म्हाताऱ्यालाही ते दिसलं असावं, कारण त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि त्या दिवसापासून त्याने बाईंना हरवल्याची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

आता जमा-खर्च, कारण तो न मांडता मला झोप येत नाही.

वरच्या कार्यालयाने सहाशे चाळीसांतले साडेतीनशे कापले. शेरा मारला, 'जुगाराचे साहित्य'. उरलेले दोनशे नव्वद दर वर्गाला मंजूर झाले, आमच्याच नव्हे, चाळीसही शाळांच्या. चाळीस शाळांत आज दोरी आहे, चिमटे आहेत, आणि दर गुरुवारी भाकरी. ही जमा. वरच्या कार्यालयाने दोनशे नव्वद भरले, आणि त्याबद्दल भिंतीवर लावायला आपला फोटो पाठवला.

चुचोने झाकणं दिली, खोकी दिली, आणि त्या वर्षी मुलं दुकानात सुटे पैसे मोजून घ्यायला शिकल्यामुळे त्याचं बरंच नुकसान झालं.

तावारेस साहेब कॉफीचे दोन कप प्यायले. त्यांनी काही भरलं नाही, पण फाईल खरी पाठवली. इथे तेही खर्चातच धरतात.

नुर्किस बाईंनी किंमत भरली ती सान्तियागोच्या जागेने. ती जूनमध्ये दुसऱ्याला गेली. पत्र जानेवारीत आलं, बदली पुढच्या वर्षी झाली. दरम्यानच्या वर्षभरात दर शुक्रवारी त्या दोन बस बदलून आईकडे जायच्या आणि सोमवारी पहाटे परत. एकदाही 'उगाच लिहिलं' म्हणाल्या नाहीत. मी विचारलं होतं.

डॉन एलिहिओंनी आठ ते दहा हे दोन तास भरले. अजून भरतात. युदेल्का सहावीत आहे, वजाबाकीत दहापैकी दहा, आणि टेबलाजवळ कुणी तिला उभं राहू देत नाही.

कोऱ्या सोंगटीचे मी भरले. साडेतीनशे कापले गेल्यावर सुताराकडून गायीच्या शिंगाची एक कोरवून घेतली. रंग थोडा पिवळा आला, त्यामुळे ती कुणाच्या हातात आहे हे पाठीमागूनच ओळखू येतं. म्हाताऱ्यांनी महिनाभर बोंब मारली, मग नियम केला: कोरी ज्याच्याकडे येईल त्याने फेफाला सलाम करायचा. सुताराने पैसे मागितले नाहीत, कोंबडी मागितली.

चांगली अंडी देणारी होती. हेही लिहून ठेवते.